घर बघताना मैदान बघितलंत का?

"डॉक्टर, हा सारखा मोबाईलवर असतो. वजन वाढलंय, आता चष्माही लागला." नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या आईची ही तक्रार. मी विचारलं, "खेळायला कुठे जातो?" त्यावर उत्तर नव्हतं. वर्षभरापूर्वीच त्यांनी मोठा फ्लॅट घेतला होता. शाळेची बस सकाळी सव्वासहाला येते, मुलगा घरी पोचतो चारला, मग ट्यूशन. सोसायटीच्या मोकळ्या जागेत गाड्या उभ्या असतात.

आता यावर मी कोणतं औषध लिहून देऊ?

घर घेताना आपण कार्पेट एरिया, वास्तू, लिफ्ट, पार्किंग सगळं तपासतो. मूल कुठे धावणार, हे मात्र कुणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. ६ ते १२ वयात झोप हवी ९ ते १२ तास. बसमध्ये दोन तास गेले, तर हा वेळ आणायचा कुठून?

डोळ्यांचंही तेच. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं गेलं. तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली. बाहेर न नेलेल्या मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. फरक पडला तो बाहेर घालवलेल्या जादा वेळाने.

"पण डॉक्टर, शाळा नावाजलेली आहे!" असेल. तरी माझ्या मते दहा मिनिटांवरची बरी शाळा तासाभरावरच्या नामांकित शाळेपेक्षा चांगली. "बागेजवळ घरं महाग असतात," हेही खरं. मग एक खोली कमी घ्या. ज्यांना निवडच नाही, त्यांना मी दोष देत नाही. पण तुम्हाला निवड असेल, तर ती मुलासाठी वापरा.

टोकन देण्याआधी तीन गोष्टी करा. संध्याकाळी साडेपाचला त्या भागात जा आणि मैदानावर मुलं दिसतात का, की फाटकाला कुलूप आहे, ते बघा. घरापासून शाळेपर्यंत मुलाचा हात धरून चालत जा. वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? आणि ब्रोशरमधली 'समोरची बाग' पालिकेच्या विकास आराखड्यात खरंच आहे का, तेही तपासा.

बेडरूम पुढेमागे वाढवता येईल. मुलाचं नववं वर्ष परत येणार नाही.