स्त्रीचे दुखणे आणि प्रयोगशाळेतला आकडा

दिवाळीत देवरीला गेले असता मावसबहिणीने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. वय तेवीस, निदान पीसीओएस, आणि औषधांत कोलेस्ट्रॉल कमी करणारी एक गोळी. “ही तर आजोबांची हृदयाची गोळी. मला कशाला?” डॉक्टरांना विचारायचे तिला धाडस झाले नव्हते. मी इतिहासाची विद्यार्थिनी, वैद्यकाची नव्हे. तरी या प्रश्नाला इतिहास आहे, म्हणून हा धागा.

१९३५ साली शिकागोच्या अर्व्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थल यांनी सात स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. पाळी अनियमित किंवा बंद, अंडाशय मोठे व गाठींनी भरलेले. त्यांनी अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला. सातही जणींची पाळी परतली, दोघींना गर्भ राहिला. पुढे या शस्त्रक्रियेने आतले अवयव एकमेकांना चिकटतात व त्यातूनच वंध्यत्व येऊ शकते हे ध्यानात आले आणि ती मागे पडली.

दुसरा प्रवाह जपानचा. सांक्यो कंपनीतले अकिरा एन्दो यांनी सुमारे सहा हजार बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये कॉम्पॅक्टिन हे पहिले स्टॅटिन हाती लागले. ती बुरशी क्योतोच्या एका धान्य दुकानातल्या तांदळावरची होती. (धानाच्या जिल्ह्यातल्या आपल्याला हे विशेष वाटावे!) १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली.

हे प्रवाह मिळाले ते एका रास्त तर्काने. टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके शरीर कोलेस्ट्रॉलपासूनच घडवते आणि पीसीओएसमध्ये ती बहुधा वाढलेली असतात. मग कच्चा मालच रोखला तर? चाचण्या झाल्या. २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा चार चाचण्या, मिळून २४४ स्त्रिया होत्या. टेस्टोस्टेरॉन उतरले, पण पाळी नियमित झाली, बीज सुटू लागले, चेहऱ्यावरचे केस वा मुरुमे कमी झाली, याचा भक्कम पुरावा मिळाला नाही.

माझे मत येथून सुरू होते. १९३५ ची शस्त्रक्रिया क्रूर होती खरी, पण तिचे यश स्त्रीला जे हवे होते त्यावरून मोजले गेले. स्टॅटिनचे यश रक्तातल्या आकड्यावरून मोजले गेले. साधने सुधारली, प्रश्न मात्र अरुंद झाला. त्यात गरोदरपणात स्टॅटिन सामान्यतः थांबवावे लागते, आणि पीसीओएसच्या कितीतरी रुग्ण मूल हवे म्हणूनच दवाखान्यात येतात.

रुग्ण कोणाला म्हणायचे, हेही आकडेच ठरवतात. मुंबईतल्या किशोरी व तरुणींच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रॉटरडॅम निकषांनी २२.५ टक्के मुली पीसीओएसच्या ठरल्या, दुसऱ्या निकषाने १०.७ टक्के. मुली त्याच, व्याख्या बदलताच निम्म्याहून अधिक यादीबाहेर.

कोलेस्ट्रॉल खरोखर वाढलेले असेल तर गोळीला स्वतंत्र कारण आहे, याबद्दल वाद नाही. बहिणीच्या अहवालात ते वाढलेले दिसले नाही. तरी गोळी बंद कर असे मी सांगितले नाही. तो अधिकार माझा नव्हे. चिठ्ठीच्या मागे एक प्रश्न तेवढा लिहून दिला : “डॉक्टर, याने माझे नेमके काय बरे होणार आहे?”