तीन विषयांची एक पदवी : बाबासाहेबांची वाट आणि आपली मुले

निकालाचे दिवस आले की मुकुंदवाडीतील आपल्या निवासी विद्यालयाच्या कार्यालयासमोर पालकांची गर्दी होते. कोणी चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळी संपवून आलेले असतात, कोणी कामावर खाडा करून. त्यांचा प्रश्न एकच असतो : "सर, आता लेकराला कशाला घालायचं?" आम्हा शिक्षकांची उत्तरेही ठरलेली आहेत. आय.टी.आय., पॉलिटेक्निक, नर्सिंग. गुण बरे असतील तर अभियांत्रिकी. कला शाखेचे नाव आम्ही अगदी शेवटी आणि तेही आवाज खाली करून घेतो.

काही वर्षांपूर्वी आपली एक माजी विद्यार्थिनी बारावीनंतर आमच्याकडे आली. तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हे तीन विषय घेऊन बी.ए. करण्याची तिची इच्छा होती. "त्याने पोट भरेल का?" असे विचारून आम्ही तिला दुसरीकडे वळवले. आज ती नोकरी करते, घर चालवते. गेल्या आंबेडकर जयंतीला ती भेटली आणि हसत म्हणाली, "सर, तेव्हा तुम्ही मला बाबासाहेबांचं उदाहरण का दिलं नाही? भाषणात तर दरवर्षी देता." आमच्यापाशी उत्तर नव्हते. हा लेख त्या न दिलेल्या उत्तरासाठी आहे.

या तीन विषयांचा एकत्रित पदवी अभ्यासक्रम ऑक्सफर्ड विद्यापीठात १९२० च्या सुमारास सुरू झाला. ग्रीक व लॅटिन ग्रंथांच्या जुन्या शिक्षणाला पर्याय म्हणून, आधुनिक राज्यकारभार समजणारी माणसे घडावीत हा त्यामागील विचार होता. हॅरॉल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरॉन हे ब्रिटनचे पंतप्रधान आणि पाकिस्तानच्या बेनझीर भुट्टो याच अभ्यासक्रमातून पुढे आल्या. म्हणजे राज्य करणाऱ्यांच्या घरांत आपल्या मुलांना काय शिकवावे, हे शंभर वर्षांपूर्वीच ठरले होते. ज्यांच्यावर राज्य केले गेले, त्यांच्या मुलांनी मात्र केवळ हाताला काम देणारे शिक्षण घ्यावे, हा आग्रह कोणाचा? आणि तो आपणच का पुढे चालवावा?

त्याच काळात, अशा पदवीचे नाव कानी येण्यापूर्वीच, बाबासाहेबांनी हा अभ्यास स्वतःपुरता उभा केला होता. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ पाठ्यक्रम घेतले. अर्थशास्त्रात सेलिग्मन आणि तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, आणि लंडनमध्ये डी.एस्सी. मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर. विषयांच्या भिंती त्यांनी मानल्या नाहीत, कारण अस्पृश्यतेनेही त्या मानल्या नव्हत्या. अस्पृश्यता ही एकाच वेळी धर्माची आज्ञा होती, सत्तेची रचना होती आणि फुकट श्रमाची व्यवस्था होती. तिच्याशी लढणाऱ्याला तिन्ही शास्त्रे हाती घ्यावीच लागली.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी दिलेला इशारा आपण दरवर्षी ऐकतो. राजकारणात एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य. पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती दिसायला राज्यशास्त्र लागते, मोजायला अर्थशास्त्र लागते आणि ती अन्याय्य का आहे हे सांगायला तत्त्वज्ञान लागते. १९५४ मधील आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्पष्ट केले की, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली.

हे फार दूरचे वाटत असेल तर आपल्या शहराच्या पाण्याकडे पाहू. जायकवाडीसारखे मोठे धरण जवळ असूनही येथील वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. जलवाहिनीचा खर्च किती आणि तो कसा उभारायचा, हा अर्थशास्त्राचा प्रश्न. निर्णय कोण घेतो आणि त्याला जाब कोण विचारतो, हा राज्यशास्त्राचा. अपुरे पाणी आधी कोणाला द्यावे, हा तत्त्वज्ञानाचा. टँकरपुढे हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीला हे तिन्ही प्रश्न अनुभवाने ठाऊक असतात. ते मांडण्याची भाषा तेवढी तिला कोणी दिलेली नसते.

या विद्येचे घर आपल्यापासून लांब नाही. १९५० मध्ये बाबासाहेबांनी या शहरात महाविद्यालय काढले, त्याला पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तर देणारा भिक्खू. ज्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत आपल्या माणसांनी घरे आणि प्राण गमावले, ते तर येथेच आहे. त्या नावाच्या विद्यापीठात आपली मुले बाबासाहेबांचे विषय घेण्यास कचरत असतील, तर लढा अर्धाच जिंकला म्हणायचा.

दुसऱ्या बाजूने दारे अरुंद होत आहेत, हेही पाहिले पाहिजे. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. जातींवरील १९१६ चा तो निबंध आज लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या शिष्यवृत्तीत स्थान नाही. आपण आपल्याच हातांनी या विषयांकडे पाठ फिरवली, तर अशा नियमांविरुद्ध बोलणार कोण?

आक्षेप आहेत आणि ते खरेही आहेत. केवळ पदवीने नोकरी मिळत नाही. तीन विषय घेतले की तिन्हींचे वरवरचे ज्ञान होते, अशी टीका ऑक्सफर्डच्या पदवीवरही होते. शिवाय दहावीनंतर गणित सोडलेल्या मुलाला अर्थशास्त्र पुढे जड जाते. म्हणून आम्ही सरसकट सर्वांना हा मार्ग सांगत नाही. ज्याला प्रश्न पडतात, वाचनाची आवड आहे आणि गणिताशी व इंग्रजीशी झुंजण्याची तयारी आहे, त्याला अडवू नये एवढेच म्हणतो. त्याच्यापुढे कायदा, प्रशासन, पत्रकारिता, संशोधन, अध्यापन ही क्षेत्रे आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतही राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था आणि नीतिशास्त्र हे तिन्ही तपासले जातात.

नव्या शैक्षणिक धोरणात एक मुख्य आणि एक दुय्यम विषय अशी मांडणी आली आहे. अर्थशास्त्र मुख्य व राज्यशास्त्र दुय्यम घेता येईल. तत्त्वज्ञानासाठी मात्र वाट काढावी लागेल, कारण अनेक महाविद्यालयांत तो विषयच उरलेला नाही. ही उणीव आपण भरून काढू शकतो. विद्यालयात रविवारच्या वंदनेनंतर एक तास वाचनाचा ठेवता येईल. एका रविवारी महापालिकेचा अर्थसंकल्प, दुसऱ्या रविवारी संविधानाचा एखादा अनुच्छेद, तिसऱ्या रविवारी कालाम सुत्त. माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी एका मुलाच्या किंवा मुलीच्या पुस्तकांचा व वसतिगृहाचा खर्च उचलावा. पालकांनी, मूल कला शाखा मागते म्हणून ते वाया गेले, असे समजू नये.

आणि आम्ही शिक्षकांनी? पुढच्या निकालाच्या दिवशी एखादी मुलगी हे तीन विषय घेऊन समोर उभी राहिली, तर पोटाचा प्रश्न विचारण्याआधी तिला बसायला खुर्ची द्यावी आणि कोलंबियातील त्या तीन वर्षांची हकिगत सांगावी. पोटाचा प्रश्न त्यानंतर तिच्याबरोबर बसून सोडवू.

जय भीम.