वाट वळवताना बायांना कुणी विचारलं?



पुण्याच्या पूर्वेला एका गावाच्या कडेच्या वस्तीतल्या बाया गावच्या शाळेत होणाऱ्या आमच्या बैठकीला पाऊण तास उशिरा आल्या. मी जरा चिडलेच. तेव्हा एक मावशी धापा टाकत म्हणाल्या, "ताई, घड्याळ नका बघू, आमची वाट जाऊन बघा. पत्रे ठोकलेत."

वस्तीतून गावात यायला दोन शेतांच्या मधून एक पायवाट होती. शाळा, रेशनचं दुकान, उपकेंद्र, बसथांबा, सगळं त्या वाटेनं. वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीही लग्न होऊन आली ती त्याच वाटेनं. दोन्ही शेतं विकली गेली, बिनशेती झाली, तिथे आता सात मजली इमारती उभ्या राहताहेत. वाट बंद केली असं कुणी म्हणत नाही. "वळवली" म्हणतात. कागदावर लिहिलंय, "पर्यायी रस्ता उपलब्ध आहे."

हा पर्यायी रस्ता मी बायांबरोबर घड्याळ लावून चालले. जुन्या वाटेनं बारा मिनिटं लागायची, आता एकतीस. सकाळी घरकामाला, दुपारी परत, संध्याकाळी पुन्हा कामाला आणि परत, अशा चार फेऱ्या. म्हणजे रोजचा सव्वा तास जास्त. तो कुणाच्या झोपेतून जातो, हे आपल्या वाचक मैत्रिणींना सांगायला नको.

पण नुसत्या मिनिटांचा हा हिशेब नाही. जुन्या वाटेवर हाकेच्या अंतरावर एक घर होतं, पुढे गोठा, मग विहीर. संध्याकाळी तिथे माणसांचा वावर असे. नव्या रस्त्याला एका बाजूला दहा फुटी भिंत, दुसऱ्या बाजूला ओढ्यातली झुडपं. एकही दिवा नाही. एका बाईनं संध्याकाळचं पोळ्यांचं काम सोडलं. दहावीतल्या एका मुलीचा संध्याकाळचा क्लास घरच्यांनी बंद केला. कचेरीत हे सांगितलं तर साहेबांनी विचारलं, "पण अजून काही घडलेलं नाही ना?" क्लास बंद झाला, काम सुटलं, हे घडण्यात मोजत नाहीत बहुधा.

दुसरा प्रश्न आला, "तुमचा गट नंबर कोणता?" आमच्याबरोबरच्या अकराजणींपैकी दहाजणींकडे गट नंबर नव्हता. वाटेच्या भांडणात आपल्याकडे नेहमी दोन कायद्यांचा आधार घेतात. 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आणि 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 143. दोन्ही मुख्यतः शेतात जाणाऱ्याची अडचण ओळखतात. भांडी घासायला, बाळाला लस टोचायला, शाळेत जाणारी बाई त्यात बसत नाही. जिच्या घरी शेत आहे तिचंही नाव सातबारावर क्वचितच असतं. शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घ्यायचं सरकारनं 2025 मध्ये ठरवलं, त्याचं स्वागतच. पण तिथेही डोळ्यांसमोर ट्रॅक्टर आहे, डोक्यावर रेशनची पिशवी घेतलेली बाई नाही.

मग आम्ही तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत काढली. गाव नकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनं दाखवतात आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं. आमची वाट नकाशात निघाली! बायांनी त्या रेषेवरून बोट फिरवून ओढा, विहीर, पिंपळ ओळखला. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. आणि महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे सार्वजनिक वाट शासनाच्या मालकीची असते, शेताबरोबर ती विकता येत नाही. लोकांचा त्यावरचा हक्क संपवायचा तर कलम 21 प्रमाणे अधिसूचना काढावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. इथे पत्रे ठोकले आणि काम झालं.

इंग्लंडात घरबांधणीसाठी पायवाट वळवायची तर 1990 च्या नियोजन कायद्याखाली आदेश काढतात. त्याची नोटीस वाटेच्या दोन्ही टोकांना लावावी लागते आणि हरकतीला किमान 28 दिवस मिळतात. वाटेच्या टोकाला लावलेली नोटीस वाट चालणारीला दिसते. राजपत्र आमच्या वस्तीत कोण वाचतं?

आमचीही चूक सांगते. या वस्तीचं सर्वेक्षण मीच केलं होतं. नळ मोजले, संडास मोजले, शाळा सुटलेल्या मुली मोजल्या. वाटा मोजल्या नाहीत. समाजकार्याच्या एम.ए.ला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण ती काही सबब नव्हे. पत्रे लागल्यावर "सिमेंटचा रस्ता करून देतो" या तोंडी आश्वासनावर आम्ही थांबलो. अकरापैकी एकीच्या नावावर वीस गुंठे आहेत, तिला मामलेदार कायद्याखाली दाद मागता आली असती. त्याची मुदत सहा महिन्यांची. ती आमच्या थांबण्यात गेली.

घरं होऊ नयेत असं आमचं म्हणणं नाही. त्या इमारतींत धुण्याभांड्याला याच बाया जाणार आहेत. बैठकीत तर तरुण मुली म्हणाल्या, "जुनी वाट चिखलाची होती, नवी दिव्यांची द्या." म्हाताऱ्या म्हणाल्या, "आमची आहे तीच द्या." दोन तास वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. शेवटी ठरलं ते असं: जुन्या रेषेवरच, इमारतींच्या मधून सव्वाआठ फुटांची वाट, भिंतीऐवजी आरपार दिसेल असं कुंपण, दिवे, आणि फाटकावर नावपत्ता न विचारता ये-जा. जिल्हाधिकाऱ्यांकडे तसा अर्ज केला आहे. सोबत पंधरा दिवसांची नोंद जोडली आहे: नव्या रस्त्यानं कोण, कधी, कशासाठी गेलं आणि कोण जायचं थांबलं. ती वस्तीतल्याच तिघी मुलींनी वहीत केली.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. येणाऱ्या प्रत्येकीचा त्या दिवशी खाडा पडेल, दोघींना मालकिणींनी आत्ताच सुटी नाकारली आहे. त्या दोघींची कामं त्या दिवशी कोणी करायची, ते सध्या ठरवतो आहोत.