पायाखालचा पाट

माणसाला बसावयास खुर्ची दिली की आपले कर्तव्य संपले, अशी आपली समजूत असते. पाय कुठे टेकावेत, हे कुणी पाहत नाही. मीही पाहिले नव्हते.

गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी आईला जमिनीवर बसण्याची बंदी केली, म्हणून मंठ्याच्या आमच्या घरात तिच्यासाठी लाकडी खुर्ची आली. थोड्याच दिवसांत आई म्हणू लागली, "मला गावी नेऊन सोड." संध्याकाळी तिची पावले सुजलेली दिसत. गेल्या वर्षी दसऱ्याला सोने देऊन पाया पडण्यास वाकलो, तो तिचे पाय अधांतरी! खुर्चीची कड मांडीखाली रुतत होती. जन्मभर जमिनीवर बसलेली बाई स्वतःच्याच घरात अवघडून बसली होती.

प्राध्यापकाला सुचावयाचे तेच सुचले. मोल्सवर्थचा जाडजूड कोश मी तिच्या पायांखाली सरकवला. तिने झटकन पाय वर ओढले. "अरे, अक्षरावर पाय ठिवू का मी?"

मुकाट्याने सुताराकडे गेलो आणि खुर्चीचे माप सांगितले. तो म्हणाला, "सर, खुर्ची काय मोजता? बसणारं माणूस मोजा." घरी येऊन त्याने टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत माप घेतले. ते भरले 14 इंच. खुर्चीची बैठक 18 इंच. मधले 4 इंच हेच आईचे दुखणे!

जुन्या दाराच्या सागवानी फळीतून 16 इंच लांब, 12 इंच रुंद पाट निघाला. त्याखालचे दोन्ही आधार तिरपे कापले. टाचेकडे उंची 3 इंच, बोटांकडे 5. म्हणजे मध्यावर बरोबर 4. खिळे ढिले पडतात, म्हणून स्क्रू लावले. पाऊल घसरू नये म्हणून टाचेकडच्या कडेला बारीक पट्टी, आणि पाट सरकू नये म्हणून तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. कडा रंध्याने गोल केल्या. पाटावर उभे राहावयाचे नाही; उठण्यापूर्वी तो बाजूला करावयाचा. ते काम नातवाने मागून घेतले आहे.

वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात. दगडी छतात लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्या आहेत. आत बुद्ध पाय खाली सोडून बसले आहेत, आणि ते पाय नीट टेकलेले आहेत. दगडाच्या पायांना काही मुंग्या येत नाहीत. तरीही सुमारे 1300 वर्षांपूर्वीच्या कारागिराने त्यांची सोय पाहिली.

आई अजूनही गावी जाण्याचे काढते. पण आता म्हणते, "दिवाळी होऊ दे, मग बघू."

वाचकहो, या दिवाळीत वडीलधाऱ्यांच्या पाया पडावयास वाकाल, तेव्हा ते पाय टेकले आहेत ना, एवढे जरूर पाहा.