पोर्ट चार, हेडर एक

एकत्र कुटुंबांत घरचा संगणक बहुधा एकच असतो. त्याच्या दर्शनी पोर्टांकडे हात मात्र अनेक वळतात. मुलांचा पेन ड्राइव्ह, वडील मंडळींचा मोबाइल, छायाचित्रें सांठविलेली हार्ड डिस्क, कांहींना कांहीं तेथें लागलेलेंच असतें. म्हणून नवें कॅबिनेट घेतांना पुढें चार यूएसबी पोर्ट असलेलें पसंत केलें जातें. मग जुना मदरबोर्ड त्यांत बसवितांना ध्यानांत येतें कीं, जोडावयाचे प्लग दोन आहेत आणि बोर्डावरील हेडर एकच. अशा वेळीं काय करावें, याचा विचार आज आम्ही करणार आहों.

हेडर म्हणजे बोर्डावर उभ्या असलेल्या पिनांच्या दोन ओळी. यूएसबी २.० च्या हेडरांत पिना नऊ असतात. दहावी जागा रिकामी ठेवलेली असते, ती प्लग उलटा बसूं नये म्हणून. एका पोर्टास चार तारा लागतात : एक पांच व्होल्टांची, एक ग्राउंडची व दोन संदेशाच्या. प्रत्येक ओळ एका पोर्टाची. म्हणून एका हेडरावर पोर्ट दोनच, हा हिशेब पक्का. यूएसबी ३.० चा हेडर १९ पिनांचा असतो. परंतु त्यावरहि पोर्ट दोनच चालतात.

बाजारांत एका हेडराचे दोन करून देणारी स्वस्त तार मिळते. जिच्यांत चिप नाहीं अशी तार घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. नळास फांटा काढतां येतो, विजेच्या तारेसहि येतो. परंतु संदेशाच्या तारांवर एका वेळीं एकाच उपकरणाशीं बोलणें चालतें. दोन उपकरणें एकदम लागलीं म्हणजे संगणकास कोणाचेंच बोलणें कळत नाहीं. फाइली उतरविणें चालूं असतां असा संबंध तुटला, तर डिस्कवरील मजकूर बिघडतो. पोर्ट पुन्हा मिळेल. मुंजीचीं छायाचित्रें पुन्हा काढतां येत नाहींत.

खरा उपाय हबाचा. यूएसबीची पहिली आवृत्ति १९९६ सालीं निघाली. ती घडविणाऱ्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख होते. एका दारांतून अनेकांस वाट मिळावी, हा विचार तिच्यांत प्रथमपासूनच आहे. एका नियंत्रकाखालीं, हब धरून, १२७ उपकरणांची सोय आहे. हबांतील चिप घरच्या कारभाऱ्याप्रमाणें प्रत्येकाचें म्हणणें पाळीपाळीनें पुढें पोंचविते. वेग मात्र सर्वांत वांटला जातो.

वीजहि वांटली जाते, आणि येथेंच पुष्कळ जण फसतात. यूएसबी २.० च्या एका पोर्टास ५०० मिलिॲंपिअर प्रवाह मिळतो. केवळ त्यावरच चालणारा हब पुढील प्रत्येक उपकरणास १०० मिलिॲंपिअरच देऊं शकतो. माउसास तेवढें पुरतें, हार्ड डिस्कला पुरत नाहीं. यासाठीं एसएमपीएसमधून वेगळी वीज घेणारा, कॅबिनेटच्या आंत बसणाराच हब निवडावा.

पुढचे पोर्ट यूएसबी ३.० चे व हेडर २.० चा असेल, तर जोडणारा ॲडॉप्टर मिळतो. पण सेकंदाला ५ गिगाबिटांचा वेग ४८० मेगाबिटांवर येतो. पूर्ण वेग हवा असल्यास १९ पिनांचा हेडर असलेलें पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवावें.

एक इशारा. कांहीं जुन्या बोर्डांवर फायरवायरचा हेडर अगदीं यूएसबीसारखाच दिसतो, पण त्यावर बारा व्होल्ट असतात. तेथें यूएसबीचा प्लग बसविल्यास पुढें लावलेलें उपकरण जळूं शकतें. म्हणून वीज बंद करून, तार भिंतींतून काढून, बोर्डावरील अक्षरें व सोबतची पुस्तिका वाचल्यावरच प्लग हातीं घ्यावा. प्लग सहज न बसल्यास जोर करूं नये.

शेवटीं, खर्चापूर्वीं घरांत एका वेळीं किती पोर्ट खरोखर लागतात तें मोजावें. दोनांनीं भागत असेल, तर उरलेले दोन न जोडतां खुशाल तसेच राहूं द्यावेत. सर्वच पोर्ट चालते असावेत असा नियम नाहीं. जे चालतात ते भरंवशाचे असावेत, एवढेंच पाहावें.