तुम्ही कुठलं शहर चालवलंत?

आंतरराष्ट्रीय नगरविकास प्रशिक्षण केंद्रांची माहितीपुस्तकं चाळायची मला वाईट खोड आहे. अभ्यासक्रमाची पानं मी उलटून टाकतो आणि थेट शिक्षकवर्गाच्या परिचयांवर जातो. खरी करमणूक तिथं असते. कुणी वास्तुविशारद, कुणी अर्थतज्ज्ञ, कुणी भूगोलातले डॉक्टर. नावाखाली ठरलेला मजकूर: अमुक विद्यापीठाची पदवी, तमुक बँकेचे सल्लागार, तीन खंडांतल्या वीसेक देशांत कामाचा अनुभव. कसलं काम? अहवाल, मूल्यमापन, कार्यशाळा. वीस देशांत काम केलेला माणूस म्हणजे त्यांतल्या एकाही शहरात सलग चार पावसाळे न काढलेला माणूस, असा मी सरळ अर्थ लावतो. कुठल्या वॉर्डात होतात, कुठलं खातं सांभाळलंत, पाणी आलं नाही तेव्हा लोकांनी कुणाच्या दारात हंडे आणून आपटले, याबद्दल त्या परिचयात अक्षर नसतं.

आणि ही माणसं आमच्या उपायुक्तांना शहर चालवायला शिकवणार!

ही परंपरा सुरू झाली तेव्हा गोष्ट वेगळी होती. लंडनचं 'डेव्हलपमेंट प्लॅनिंग युनिट' घ्या. त्याचं मूळ 1954 साली तिथल्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये निघालेल्या उष्ण कटिबंधीय वास्तुकलेच्या विभागात आहे. मॅक्सवेल फ्राय यांच्यानंतर तो विभाग ऑटो कोनिग्सबर्गर यांनी चालवला आणि 1971 साली तो युनिव्हर्सिटी कॉलेजात नेला. हा गृहस्थ बर्लिनचा ज्यू. नाझींमुळे नोकरी गेली, देश सुटला आणि 1939 मध्ये म्हैसूर संस्थानात सरकारी वास्तुविशारद म्हणून रुजू झाला. जमशेदपूरचा आराखडा केला, भुवनेश्वरचा केला, आणि 1948 साली नेहरू सरकारचा गृहनिर्माण संचालक झाला. फाळणीनं लाखो माणसं उघड्यावर आणलेली. घरं झटपट हवी होती म्हणून दिल्लीत काँक्रीटच्या तयार भिंती ओतणारा सरकारी कारखाना काढला. भिंतींना तडे गेले, संसदेत गदारोळ झाला, कारखाना फसला. 1951 मध्ये कोनिग्सबर्गर इंग्लंडला गेले.

आजच्या माहितीपुस्तकात हा कारखाना तुम्हाला दिसला असता का? गाळला असता. माझ्या मते मात्र त्यांची सगळ्यांत मोठी पदवी तीच. वर्षानुवर्षं घोळत बसणारा बृहत् आराखडा छापून येईपर्यंत शहर पुढं निघून गेलेलं असतं, आधी हातात आहे तेवढ्या कामाला लागा, असं ते पुढं सांगत राहिले. ते नुसतं ग्रंथालयात बसून सुचलेलं नव्हतं.

'मग सिंगापूरचं काय?' असं कुणीतरी विचारणारच. 2008 साली तिथं निघालेल्या 'सेंटर फॉर लिव्हेबल सिटीज'चे एके काळचे कार्यकारी संचालक खू तेंग च्ये. त्यांनी आधी तिथलं नगररचना प्राधिकरण चालवलं होतं, पाणीपुरवठ्याचं खातंही चालवलं होतं. म्हणजे निकषात बसणारा माणूस. इथं माझा राग तिकडच्या शिक्षकांवर नाही, आमच्या विद्यार्थ्यांवर आहे. 80 टक्क्यांच्या आसपास लोक सरकारनं बांधलेल्या घरांत का राहतात, याचं बरंचसं उत्तर 1966 च्या तिथल्या भूसंपादन कायद्यात आहे. आमचे अभ्यासदौरेवाले कायदा सोडतात आणि बागांचे फोटो घेऊन परततात.

आता आपल्याकडचे दोन अर्जदार कल्पून पाहा. पहिले एन. व्ही. मोडक, मुंबई महापालिकेचे अभियंता. आल्बर्ट मेयर यांच्याबरोबर त्यांनी केलेला बृहन्मुंबईचा आराखडा 1948 चा. वैतरणेवर त्यांच्या नावाचं धरण आहे आणि मुंबई आजही त्याचं पाणी पिते. पण अनुभव प्रामुख्यानं एका शहराचा! छाननीत बाद. दुसरे जोकिन अर्पुतम. मानखुर्दच्या जनता कॉलनीतले, पदवी शून्य. अणुसंशोधन केंद्राशेजारची ती वस्ती वाचवण्यासाठी ते वर्षानुवर्षं लढले, 1976 मध्ये ती उठवली गेलीच. झोपडपट्टीवासीयांचा देशव्यापी महासंघही त्यांनी उभा केला, 2000 साली मॅगसेसे मिळालं. असा माणूस या केंद्रांत फार तर पाहुणा. एक तास 'वस्तीचा आवाज' ऐकायचा, टाळ्या वाजवायच्या, चहा घ्यायचा. पगारपत्रकावर नाव नाही.

भायखळ्याच्या फुटपाथवरच्या 'महिला मिलन' या बचत संघटनेच्या बायकांनी ऐंशीच्या दशकात घराचा खऱ्या मापाचा नमुना उभा केला होता. उंची 14 फूट, म्हणजे मधे माळा बसतो आणि तेवढ्याच जमिनीत वापरायची जागा वाढते. नंतर त्या दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांमध्ये बचतीची पद्धत शिकवायला गेल्या. आंतरराष्ट्रीय नगरविकास प्रशिक्षण आणखी कशाला म्हणायचं असतं?

मीही चोवीस तास पाणीपुरवठ्यावरच्या एका प्रशिक्षणाला बसलो आहे. केंद्र परदेशी, पाहुणचार उत्तम. दाब, गळती, मीटर, दरवाढ, सगळं पडद्यावर सरकत गेलं. गल्लोगल्ली फिरून व्हॉल्व्ह उघडणारा आणि बंद करणारा चावीवाला त्या पडद्यावर एकदाही आला नाही. कुठल्या नगरसेवकाच्या फोननं कुठला व्हॉल्व्ह चार आटे जास्त फिरतो, हे त्याला पाठ असतं. मी तसं म्हणालो तेव्हा सूत्रधारबाई गोड हसल्या आणि मुद्दा 'नंतर चर्चेसाठी' फळ्यावर चिकटवला. तो बहुधा अजून तिथंच असेल.

संशोधक नकोत असं मी म्हणत नाही. आकडे कुणीतरी मांडायलाच हवेत, आणि गटार उपसलेल्या प्रत्येकाला गटारव्यवस्था शिकवता येतेच असंही नाही. पण सगळा शिक्षकवर्गच उंटावर बसून शेळ्या हाकणारा असेल, तर त्या केंद्रानं संशोधनसंस्था म्हणून पाटी लावावी. प्रशिक्षणाची फी कशाची घेता?

तेव्हा आयुक्तसाहेब, असल्या अभ्यासक्रमाची फाइल तुमच्या टेबलावर आली की सही करण्याआधी शिक्षकांची यादी मागवा. प्रत्येक नावापुढं विचारा: कुठल्या शहरातलं कुठलं खातं, किती वर्षं, कुणाला उत्तरदायी, आणि फसलं काय? निम्म्या नावांपुढं जागा कोरी राहिली, तर फाइल परत पाठवा.