ग्रंथवाचन आणि व्यवसायांतर

मनुष्याचा धंदा कोण ठरवितो? वडिलांची जमीन ठरविते, घरची गरज ठरविते. शेजाऱ्याचा मुलगा कोठें नोकरीस लागला, यावरूनहि तो पुष्कळदां ठरतो. परंतु एखादें पुस्तक तो ठरवितें असें म्हटलें, तर व्यवहारी माणसें हंसतील. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी ज्या शिवारांतून वाहतें, त्या बारामतीजवळच्या पिंपळीसारख्या गांवीं तर धंद्याची वाटहि पाटाच्या पाण्यासारखी आंखलेलीच असते. घरचा ऊंस असेल तर शेती, गुण बरे पडले तर अभियांत्रिकी, तेंहि न साधलें तर बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत एखादी नोकरी. अशा ठिकाणीं अभ्यासक्रमाबाहेरचें पुस्तक उघडून बसलेला मुलगा वडील मंडळींस वेळ दवडीत असल्यासारखा वाटतो. त्यांचें म्हणणें अगदींच वावगें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तें अपुरें आहे, एवढें दाखवावें म्हणून हा अल्प लेखप्रपंच.

गोव्यांतील सांखवाळ गांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांचें उदाहरण घ्या. घरच्या नारळीच्या बागा पाहाव्या, प्रपंच सांभाळावा, हें त्यांचें ठरलेलें आयुष्य. शाळेचें शिक्षण बेताचें. लग्न लहान वयांतच झालेलें. अशा स्थितींत १८९७ च्या सुमारास त्यांच्या हातीं 'बालबोध' मासिकाचा एक अंक आला. विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ सालीं खास मुलांकरितां सुरू केलेलें हें मासिक. त्यांत गौतम बुद्धाचें छोटेंसें चरित्र होतें. तें वाचून या बागाइताच्या मनांत अशी ओढ उत्पन्न झाली कीं, बुद्धाचा उपदेश मूळ ग्रंथांतून जाणून घ्यावयाचाच. १८९९ च्या अखेरीस त्यांनीं घर सोडलें. पुण्याहून ते संस्कृत शिकण्यासाठीं काशीस गेले व तेथें अन्नछत्रांत जेवून राहिले; पुढें नेपाळ पाहिला, तेथून सिंहलद्वीपास जाऊन कोलंबोच्या विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांपाशीं पाली भाषेचें अध्ययन केलें, व त्यानंतर ब्रह्मदेशहि गांठला. कलकत्ता विद्यापीठांत त्यांना पालीच्या अध्यापनाचें काम मिळालें. परंतु हें ज्ञान महाराष्ट्राच्या उपयोगीं पडावें म्हणून तें सोडून, सयाजीराव महाराजांनीं देऊं केलेल्या दरमहा ५० रुपयांवर ते इकडे आले. १९१० सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें त्यांना 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाकरितां बोलाविलें. १९१२ पासून १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत ते पालीचे अध्यापक होते, आणि पु. वि. बापटांसारखे विद्वान् त्यांच्या हाताखालीं तयार झाले.

या चरित्रापासून आमच्या विद्यार्थिमित्रांनीं दोन गोष्टी घ्याव्या. पहिली ही कीं, कोसंबींची वाट बदलणारें वाचन म्हणजे कांहीं मोठा पंडिती ग्रंथ नव्हे; तें मुलांच्या मासिकांतील एक चरित्र होतें. कोणतें पान कोणाच्या उपयोगीं पडेल, हें छापणाऱ्यास ठाऊक नसतें, देणाऱ्यास नसतें, आणि वाचणाऱ्यासहि वाचून होईपर्यंत नसतें. म्हणून मुलाच्या हातांतील पुस्तक पाहून 'यांतून काय मिळणार?' असें विचारणें म्हणजे पेरणीच्याच दिवशीं मळणीचा हिशेब मागण्यासारखें आहे. दुसरी गोष्ट वाचनवेड्यांसाठीं. १८९७ सालीं तें चरित्र वाचलें आणि १९१२ सालीं फर्ग्युसनमध्यें पाली शिकवूं लागले. मध्यें पंधरा वर्षें गेलीं. पुस्तकानें त्यांना अध्यापक केलें नाहीं, पुस्तकानें फक्त दिशा दाखविली. बाकीचें सारें उपवास, पायपीट, परक्या भाषा आणि पाठांतर यांनीं केलें. जो वाचून नुसता भारावतो, तो दुसरें पुस्तक हातीं घेईपर्यंतच भारावलेला राहतो.

पुस्तकाचें दुसऱ्या प्रकारचें साहाय्य पाहावयाचें असेल, तर दादासाहेब फाळके यांच्याकडे वळावें. छपाईच्या धंद्यांत त्यांनीं नांव मिळविलें होतें. परंतु तो सुटला, आणि चाळिशी उलटल्यावर पुढें काय करावें हा प्रश्न उभा राहिला. १९११ सालीं मुंबईंत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून, आपल्या देशांतील कथा पडद्यावर आणावयाच्या असें त्यांच्या मनानें घेतलें. ही प्रेरणा पुस्तकाची नव्हे, हें खरें. परंतु चित्रपट तयार कसा करावा, हें शिकविणारें येथें कोण होतें? तेथें पुस्तक उपयोगीं पडलें. चलच्चित्रकलेचीं मूलतत्त्वें सांगणारें एक लहानसें इंग्रजी पुस्तक त्यांनीं मिळविलें, यंत्रांच्या किंमतींचीं पत्रकें जमविलीं आणि डोळ्यांस इजा होईपर्यंत प्रयोग केले. पुढें विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून १९१२ सालीं ते लंडनला जाऊन आले. परतल्यावर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनीं काय चित्रित केलें असेल? कुंडींत पेरलेला वाटाणा, आणि त्याच्या वेलाची दिवसागणिक होणारी वाढ! ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत झळकला आणि एक छापखानेवाला हिंदी चित्रपटसृष्टीचा जनक ठरला.

तात्पर्य, पुस्तकें दोन जातींचीं असतात. एक जात इच्छा देते, दुसरी साधन देते. कोसंबींना पहिलीनें हलविलें, फाळक्यांना दुसरीनें तारलें. ज्या गांवीं पहिली जात नाहीं, तेथील मुलांना आपल्याला काय व्हावेंसें वाटतें हेंच कळत नाहीं. ज्या गांवीं दुसरी नाहीं, तेथें तें कळूनहि हात बांधलेले राहतात. हल्लीं पुष्कळ कपाटांत या दोहोंऐवजीं तिसरीच एक जात आढळते, ती मार्गदर्शकांची व अपेक्षित प्रश्नसंचांची. परीक्षेपुरती ती कामाची असेल. परंतु परीक्षा संपतांच ती रद्दींत जाते, यावरून तिची योग्यता ओळखावी. भ्रमणध्वनीवर सर्व कांहीं मिळतें, असें कोणी म्हणेल. मिळतें खरें, परंतु जें आपण शोधूं तेंच बहुधा मिळतें. ज्याचें नांवहि ठाऊक नाहीं तें अवचित हातीं लागावें, यासाठीं कपाट उघडें असावें लागतें व त्यापुढें उभें राहण्यास मुलाला फुरसत असावी लागते.

येथें दोन आक्षेप निघतील. मुलें वाचून बाहेर पडूं लागलीं तर शेती कोणी करावी, हा पहिला. आमचें उत्तर असें कीं, व्यवसायांतर म्हणजे गांव सोडणें नव्हे. वाटाण्याचा वेल प्रत्येक शेतकऱ्यानें वाढतांना पाहिला होता. फाळक्यांनीं तोच निराळ्या नजरेनें पाहिला. माती, पाणी, कीड, बाजारभाव यांविषयीं वाचून आपल्याच बांधावर निराळा धंदा उभा करणारा मुलगाहि व्यवसायांतरच करीत असतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोसंबींनीं घर सोडलें तेव्हां मागें पत्नी होती, तान्ही मुलगी होती. त्यांच्या ज्ञानाची किंमत त्या दोघींनींहि मोजली. हें आम्ही झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. म्हणूनच आमचें सांगणें असें कीं, मुलाची ओढ घरानें लौकर ओळखावी आणि त्याला दहावीच्या आंतच चार वाटा दाखवाव्या, म्हणजे पुढें तिशीच्या उंबरठ्यावर घर मोडून बाहेर पडण्याची पाळी त्याच्यावर येणार नाहीं. वेळेवर मिळालेलें पुस्तक मुलाला घरापासून तोडीत नाहीं. उलट पित्यापुत्रांत बोलण्यास एक विषय देतें.

असो. बारामती ही मोरोपंतांची कर्मभूमि. ज्या परिसरांत एका कवीनें जन्मभर लेखणी झिजविली, तेथील घरांत पुस्तकाला अडगळ म्हणणें शोभत नाहीं. पिंपळीच्या व आसपासच्या पालकांस आमची इतकीच विनंती आहे कीं, वह्या-पुस्तकांच्या खर्चांत वर्षाकांठीं एक तरी पुस्तक असें घ्यावें कीं ज्यावर परीक्षा होणार नाहीं. आणि तें वाचीत बसलेल्या मुलाला अथवा मुलीला घटकाभर कोणतेंहि काम सांगूं नये. विद्यार्थ्यांस सांगावयाचें तें एवढेंच: जें वाचून झोंप उडाली, तें पुस्तक मिटून ठेवूं नका, त्यांत सांगितलेल्यांपैकीं एखादें लहानसें काम दुसऱ्या दिवशींच करून पाहा.